खोळ आणि कॅमेरा : घराबाहेरील वस्त्रांचे व्यावसायिक छायाचित्रण आणि अहिल्यानगर जिल्हा

प्रस्तावना

इतिहासलेखनाचे साधन म्हणून छायाचित्राचा विचार करताना आपले लक्ष बहुधा व्यक्ती, वास्तू आणि प्रसंग यांकडे जाते. संस्थानिक, सभा-संमेलने, मिरवणुका, किल्ले, मंदिरे यांची छायाचित्रे ग्रंथांत येतात व त्यांवर भाष्यही होते. परंतु एखादी वस्तू खपावी या हेतूने काढलेल्या छायाचित्राला साधनाचा दर्जा देण्यास अभ्यासक संकोचतात. जाहिरातीचे छायाचित्र खोटे असते, ही त्यामागील समजूत होय. ते खोटे असेलही. परंतु बनावट कागदसुद्धा इतिहासकाराला काही सांगतोच. तो कोणी, केव्हा व कशासाठी बनवला हे तो सांगतो, आणि बनवणाऱ्याने काय वगळले हेही सांगतो. प्रस्तुत लेखात व्यावसायिक छायाचित्रणाच्या एका लहानशा शाखेचा, म्हणजे घराबाहेर, डोंगरात व पावसात वापरावयाच्या कपड्यांच्या प्रत्यक्ष स्थळी होणाऱ्या छायाचित्रणाचा, या दृष्टीने विचार केला आहे.

या विचाराला निमित्त अकोले तालुक्यात मिळाले. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा हा पश्चिमेकडील डोंगराळ भाग. कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड व त्याचा कोकणकडा, प्रवरेवर १९१० ते १९२६ या काळात बांधलेले भंडारदऱ्याचे धरण आणि त्याचा विस्तीर्ण जलाशय या साऱ्यांमुळे मुंबई, पुणे व नाशिक येथील छायाचित्रकारांना हा परिसर सोयीचा वाटतो. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस प्रस्तुत लेखक पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन रतनवाडी येथील अमृतेश्वर मंदिराच्या अभ्यासासाठी गेला होता. भल्या सकाळी जलाशयाच्या काठी एक छायाचित्रण चालू असलेले दिसले. पावसाळी जाकिटे घातलेले दोन तरुण मॉडेल, एक छायाचित्रकार, तीन-चार सहायक, कपड्यांच्या पेट्या व एक जीप असा सरंजाम होता. त्या दिवशी पाऊस नव्हता. म्हणून गावातून मागून आणलेल्या, पिकावर औषध मारण्याच्या पाठीवरच्या पंपाने मॉडेलच्या खांद्यांवर पाणी फवारले जात होते. ज्या घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते तेथून फार दूर नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लगेच ध्यानात आली व ते हसू लागले.

तेवढ्यात सकाळच्या गारठ्यामुळे घोंगडीची खोळ डोक्यावर घेतलेले एक वृद्ध गृहस्थ गुरे हाकीत नेमके कॅमेऱ्यासमोर आले. "बाबा, जरा दोन मिनिटं अलीकडं या की," असे एका सहायकाने त्यांना अदबीने विनवले. बाबा बाजूला झाले. गुरे झाली नाहीत, आणि त्यांना वळवण्यात बराच वेळ गेला. यात कोणाचा अपमान झाला नाही, कोणी आवाजही चढवला नाही. तथापि पावसाळी वस्त्राचे छायाचित्र काढण्यासाठी त्या परिसरातील पावसाळी वस्त्र चौकटीबाहेर करावे लागले, हे दृश्य मनातून गेले नाही. आमच्यापैकी एक विद्यार्थिनी अकोले तालुक्यातीलच होती. ती हळूच म्हणाली, "सर, आमच्या आजोबांकडं पण अशीच आहे."

स्टुडिओतील माणूस आणि चिकटवलेले आकाश

पश्चिम भारतात वस्त्र व छायाचित्र यांचा संबंध जवळजवळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३९ मध्ये पॅरिस येथे दागेरचे तंत्र जाहीर झाले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या भारतीय सभासदांपैकी एक होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रे काढीत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत छायाचित्रण हाच व्यवसाय केला. हौस, विद्या आणि धंदा या तिन्ही वाटा अशा प्रकारे एकाच दशकात उघडल्या.

याच काळात विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतून 'द इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' (१८५६-५८) हे नियतकालिक काढले. त्यात पश्चिम भारतातील लोकांच्या वेशभूषेची मालिका होती. पुढे जॉन्सनने तीच सामग्री वाढवून 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' या नावाने लंडन येथे दोन खंडांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केली. त्यांपैकी दुसरा खंड महाराष्ट्राविषयी आहे. या ग्रंथातील अनेक चित्रांची बनावट विलक्षण आहे. माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आहेत, आणि त्यांच्यामागे मुंबईतील रस्ते, देवळे, किनारा किंवा झाडी यांची स्वतंत्रपणे काढलेली दृश्ये जोडलेली आहेत. पाहणाऱ्यास वाटावे की ही मंडळी आपापल्या पेहरावात उघड्यावर उभी आहेत.

असे करण्यामागे तांत्रिक कारण होते. कलोडियनच्या ओल्या काचेची पद्धत १८५१ पासून प्रचारात आली. तिच्यात काचेला द्रावण लावणे, छायाचित्र घेणे व ते धुणे ही सारी कामे काच ओली असतानाच उरकावी लागत. बाहेर काम करावयाचे तर अंधारा तंबू, रसायने व पाणी सोबत न्यावे लागे. शिवाय माणसाला काही काळ निश्चल उभे राहावे लागे. भारतातील उष्म्यात काच लवकर वाळे, ही आणखी एक अडचण होती. परंतु केवळ तंत्राने हे सारे स्पष्ट होत नाही. ज्या युरोपीय ग्राहकासाठी हा अल्बम होता त्याला अमुक एक मनुष्य नको होता. त्याला 'जात' आणि 'पेहराव' हवा होता. माणसाचे नाव छापण्याची गरज नव्हती, आणि त्याचे गाव त्याच्यामागे असण्याचीही गरज नव्हती. कोणतेही पुरेसे 'भारतीय' दिसणारे आकाश चालण्यासारखे होते. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने आठ खंडांत निघालेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथाचे स्वरूप प्रशासकीय होते. तरी माणसाकडे नमुना म्हणून पाहण्याची दृष्टी तीच आहे.

वस्त्राचा नमुना-ग्रंथ

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ग्रंथ मात्र निराळा आहे. 'द पीपल ऑफ इंडिया'च्या संपादकांपैकी एक, जॉन फोर्ब्स वॉटसन, हा लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये भारतीय उत्पादनांविषयीचा अधिकारी होता. त्याने १८६६ मध्ये भारतीय कापडाच्या प्रत्यक्ष तुकड्यांचे १८ खंड तयार करविले. त्यांत ७०० नमुने होते. अशा २० प्रती बनविण्यात आल्या. त्यांपैकी १३ ब्रिटनमधील व्यापारी व औद्योगिक केंद्रांत आणि ७ भारतात ठेवावयाच्या होत्या. प्रत्येक नमुन्यासोबत लांबी, रुंदी, वजन, ठिकाण, किंमत अशी माहिती दिलेली असे. जोडीला त्याच वर्षी भारतीय कापड व वेशभूषा यांविषयीचा एक स्वतंत्र ग्रंथ निघाला. पागोटे, लुगडे, धोतर कसे नेसतात हे दाखविणारी छायाचित्रे त्यात होती.

हेतू स्पष्ट व उघड होता. ब्रिटनमधील कारखानदाराने भारतीय गिऱ्हाइकाची आवड समजून घ्यावी व त्याप्रमाणे माल काढावा. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हा एक कॅटलॉग होता. फरक इतकाच की तो खरेदीदारासाठी नव्हता, तर उत्पादकासाठी होता. कापडाचा तुकडा, त्याची मापे आणि ते अंगावर कसे दिसते याचे चित्र या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याची कल्पना पुढील काळातील प्रत्येक कपड्याच्या कॅटलॉगमध्ये आढळते. ठिकाणाचा रकाना त्यात होता. विणणाऱ्याच्या नावाचा नव्हता.

अहमदनगर, भिंगार व संगमनेर येथील हातमागाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास या ग्रंथाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटिअर (मुंबई इलाख्याच्या मालिकेतील १७ वा खंड) येथील विणकामाची आणि जातवार पोशाखाची नोंद करते. त्या नोंदीचे रकानेही याच घडणीचे आहेत. कोण काय नेसतो, ते कोठे बनते, त्यास काय पडते. या माहितीचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. आपण आजही तिच्यावरच अवलंबून आहोत.

जिल्ह्याचा घराबाहेरचा पेहराव

अहिल्यानगर जिल्ह्यात दोन हवामाने नांदतात. पश्चिमेस अकोल्यात सह्याद्रीचा धुवाधार पाऊस, तर पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांत पर्जन्यछायेतील कोरडा मुलूख. या दोन्ही हवामानांना पुरून उरणारे वस्त्र म्हणजे घोंगडी. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म ज्या चौंडीत १७२५ मध्ये झाला ती जामखेड तालुक्यात आहे, आणि ज्या धनगर समाजात त्या जन्मल्या त्याच्या मेंढरांच्या लोकरीवर हे वस्त्र उभे आहे. दख्खनी मेंढीची राठ, काळसर लोकर कातरून, पिंजून, सूत काढून सणगर विणकर खड्ड्याच्या मागावर ती विणतो. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी अंगाला टोचते, पण राठ लोकरीवर पाऊस लवकर मुरत नाही, आणि भिजली तरी तिची ऊब जात नाही. घडी घालून एक टोक डोक्यावर घेतले की तिची खोळ होते, अंथरली की बिछाना होतो, आणि बाजाराच्या दिवशी तीच पिशवीचेही काम करते. शिलाईचा एकही टाका नसलेले हे वस्त्र आहे.

अकोल्याच्या भातखाचरांत मात्र घोंगडी पुरत नाही. आवणीच्या वेळी दिवसभर वाकून काम करावयाचे असते व दोन्ही हात मोकळे हवेत. त्यासाठी इरले होते: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचा थर, डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारे जणू एक छोटे छप्पर. वाकलेल्या पाठीला ते अचूक बसे, आणि उभ्या माणसाला काहीसे विनोदी दिसे. इरल्याची जागा आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. ही वस्त्रे 'पारंपरिक' या एका शब्दात गुंडाळून ठेवणे बरोबर नाही. ती कामाची वस्त्रे आहेत, आणि त्यांची रचना कामाच्या अनुभवातून घडलेली आहे. पावसाळी जाकीट बनविणारा अभियंता ज्या प्रश्नांशी झगडतो (पाणी अडवावे, घाम कोंडू नये, हालचाल अडू नये) तेच प्रश्न इरले विणणाऱ्यापुढेही होते.

छायाचित्रकाराचे काम

विसाव्या शतकात कॅमेरा हलका झाला, फिल्म वेगवान झाली, आणि एकोणिसाव्या शतकातील क्रम उलटला. माणसामागे आकाश चिकटविण्याऐवजी माणसालाच आकाशाखाली नेणे शक्य झाले. १९३३ मध्ये मार्टिन मुंकाची याने अमेरिकेतील 'हार्पर्स बझार'साठी समुद्रकिनाऱ्यावर धावत्या मॉडेलचे छायाचित्र घेतले. फॅशन छायाचित्रण स्टुडिओबाहेर पडल्याची खूण म्हणून ते आजही दाखविले जाते. गिर्यारोहणाच्या कपड्यांच्या बाबतीत अमेरिकेतील 'पॅटागोनिया' (स्थापना १९७३) या कंपनीने व्यावसायिक मॉडेलऐवजी प्रत्यक्ष चढाई करणाऱ्यांची छायाचित्रे कॅटलॉगमध्ये वापरली. आपल्याकडे १९५४ मध्ये मुंबईत 'गिरिविहार' ही गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. सह्याद्रीत भटकणाऱ्या त्या पिढीच्या पायांत हंटर शूज असत आणि अंगावर घरचेच जुने कपडे. डोंगरासाठी म्हणून खास वस्त्र विकत घेणारा मध्यमवर्ग प्रामुख्याने १९९१ नंतरच्या अर्थव्यवस्थेत वाढला, व त्याच्यासोबत ही छायाचित्रेही आली.

हे काम बाहेरून दिसते तितके रम्य नाही. कपड्याचा व्यापार ऋतूच्या पुढे चालतो. जाकीट मे-जूनमध्ये दुकानात यावयाचे तर त्याचे छायाचित्र त्याच्या बरेच आधी तयार हवे, म्हणजे आदल्या पावसाळ्याची हिरवळ हवी. त्यामुळेच सप्टेंबरची अखेर निवडली जाते. हिरवळ व सोनकीची फुले आहेत, धुके आहे, आणि कोसळणारा पाऊस नाही. खरा पाऊस कॅमेऱ्याला नको असतो. तो भिंगावर साचतो, उजेड खातो, कापडाचा रंग बदलून टाकतो. पाण्याचे थेंब दिसावेत असे वाटत असेल तर उजेड मागून यावा लागतो, आणि खऱ्या पावसात तसा उजेड क्वचितच मिळतो. पंपाच्या फवाऱ्यात तो मिळतो.

छायाचित्रकाराची खरी परीक्षा रंगात आहे. ग्राहकाने चित्रात पाहिलेला निळा आणि हाती आलेला निळा सारखा हवा. पहाटेचा उजेड कपड्याला पिवळसर करतो, धुके त्याला करडा करते, आणि हिरव्या गवतावरून परतलेला उजेड चेहऱ्यालाही हिरवी झाक देतो. पारदर्शिका फिल्मच्या काळात उजेडाच्या मापात थोडी चूक झाली तरी चित्र वाया जाई, आणि ती चूक शहरातील प्रयोगशाळेत फिल्म धुतल्यावर कळे; तोवर मॉडेल, गाडी, मुक्काम या सर्वांचा खर्च होऊन गेलेला असे. म्हणून एकाच दृश्याची कमी-अधिक उजेडात अनेक छायाचित्रे घ्यावी लागत. डिजिटल कॅमेरा आल्यापासून ही धास्ती संपली, पण दुसरी आली. आता कंपनीचा माणूस जागेवरच पडद्यावर चित्र पाहतो व जागेवरच ते नाकारतो. पूर्वी डोंगरात तरी छायाचित्रकार स्वतःच्या मर्जीचा धनी होता.

जाकीट अंगावर नेटके बसावे म्हणून पाठीमागून चिमटे लावलेले असतात. समोरून पाहणाऱ्यास ते दिसत नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांनी ते मागून पाहिले. रतनवाडीच्या त्या सकाळी आम्ही नेमके कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूस उभे होतो, हा केवळ योगायोग. पण छायाचित्राच्या अभ्यासासाठी उभे राहण्याची योग्य जागा बहुधा तीच असावी.

परिसराचा सहभाग या कामात थोडा नसतो. जीप गावातली, सामान डोक्यावरून वाहणारे गावातले, नाश्ता एखाद्या घरी सांगितलेला, पंप कोणाच्या तरी शेतातला. त्यातून पैसा मिळतो व तो उपयोगीही पडतो. शासनाने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत काम करावयाचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते. त्या कायद्याच्या २८ व्या कलमात छायाचित्रणाचा उल्लेख आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अधिवासाला बाधा न पोहोचविण्याची अट स्पष्ट शब्दांत घातली गेली. झाडाझुडपांचा विचार कायद्याने केला, हे स्वागतार्ह आहे. चौकटीत येणाऱ्या अगर चौकटीबाहेर काढल्या जाणाऱ्या माणसांचा विचार शिष्टाचारावर सोपविलेला आहे.

नाव कोणाचे

आतापर्यंतच्या विवेचनात छायाचित्रकार हा सत्ता असलेला पक्ष वाटला असेल. वस्तुस्थिती तशी नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम सांगते की मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले असेल, तर वेगळा करार नसल्यास, त्याचा पहिला मालक सांगणारा असतो. १९१४ मध्ये भारतात लागू झालेल्या ब्रिटिश कायद्याचे तत्त्वही हेच होते. ५७ व्या कलमाने निर्मात्याला कर्तृत्व सांगण्याचा अधिकार दिलेला आहे. परंतु कपड्याच्या जाहिरातीखाली छायाचित्रकाराचे नाव छापण्याची प्रथा पडली नाही. गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) यांचे उदाहरण येथे बोलके आहे. १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात दाखल झाले व १९८७ मध्ये स्वतंत्र व्यावसायिक छायाचित्रकार झाले. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो नामवंतांच्या चेहऱ्यांमुळे. चेहऱ्याला नाव असते, म्हणून त्याच्या छायाचित्रकारालाही नाव मिळते. जाकिटाला फक्त कंपनीचे नाव असते.

परिणामी या कामाचा संग्रह कोठेच उभा राहत नाही. कॅटलॉग हा वर्षभराचा जीव. पुढचा आला की मागचा रद्दीत जातो. आपल्या ग्रंथालयांत १८६६ चा नमुना-ग्रंथ जपण्याची वस्तू ठरते, तर आठ-दहा वर्षांपूर्वीच्या जाहिरातीची प्रत कोणी ठेवीत नाही. महाविद्यालयीन ग्रंथपालांनी यावर हसू नये, अशी विनंती आहे. प्रस्तुत लेखकाने आपल्या विभागात असे कागद गोळा करण्यास प्रारंभ केला तेव्हा पहिली प्रतिक्रिया हसण्याचीच होती.

त्या भेटीनंतर विद्यार्थ्यांना एक लहान प्रकल्प दिला. घरातील घराबाहेरच्या वस्त्राची नोंद करावयाची व त्याचे छायाचित्र काढावयाचे. नमुन्यासाठी फोर्ब्स वॉटसनचेच रकाने घेतले: लांबी, रुंदी, वजन, ठिकाण, किंमत. त्यांत तीन रकाने वाढविले: विणणाऱ्याचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि छायाचित्रकाराचे नाव. छायाचित्र वस्तू वापरण्याच्या जागीच काढावयाचे, अशी अट घातली. अकोल्याच्या विद्यार्थिनीने आजोबांची घोंगडी हातांनी मोजून आणली. किमतीच्या रकान्यात तिने आजोबांचे उत्तर जसेच्या तसे लिहिले होते: एक बोकड. विणणाऱ्याचे नाव आजोबांना आठवत होते. तो कोणत्या बाजाराला येई, हेही त्यांनी सांगितले. छायाचित्रात आजोबा बांधावर उभे आहेत, मागे धुके आहे, आणि खोळ थोडी कलली आहे. शेवटच्या रकान्यात आधी तिने काहीच लिहिले नव्हते. विचारल्यावर म्हणाली, "सर, फोटो तर मीच काढला." मग तिने आपले नाव लिहिले.